जाणण्याचा अधिकार आणि साक्षीचा अभाव : ‘डर्टी प्रिटी थिंग्ज’मधील प्रतिनिधित्वाचा प्रश्न

१

चित्रपटातील प्रतिनिधित्वाची चर्चा अलीकडे बहुतांशी मोजणीच्या भाषेत होऊ लागली आहे. पडद्यावर किती वंशांची, किती राष्ट्रीयत्वांची माणसे दिसतात, त्यांना किती वेळ मिळतो, किती संवाद मिळतात, यावरून एखादी कलाकृती समावेशक आहे की नाही हे ठरविले जाते. अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अकादमीने सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकासाठी सप्टेंबर २०२० मध्ये समावेशनाचे निकष जाहीर केले आणि २०२४ च्या पारितोषिकांपासून ते बंधनकारक झाले. या मोजणीला अर्थ नाही असे म्हणता येणार नाही. ज्या समूहांना दीर्घकाळ पडद्याबाहेर ठेवले गेले त्यांच्या वगळणुकीचा पहिला पुरावा संख्येनेच मिळतो. परंतु मोजणी जेथे संपते तेथे संहितेच्या अर्थनिर्णयनाला सुरुवात व्हावयास हवी, आणि नेमके तेथेच ही चर्चा अनेकदा थांबते.

याचे एक कारण परिभाषेत आहे. इंग्रजीतील ‘रिप्रेझेंटेशन’ या एका शब्दात दोन भिन्न व्यापार सामावलेले आहेत. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मार्क्सच्या जर्मन संहितेच्या आधारे हे दोन व्यापार वेगळे केले : एखाद्याच्या वतीने उभे राहणे आणि एखाद्याचे रूप पुन्हा उभे करणे. मराठीत या दोहोंसाठी मुळातच दोन शब्द आहेत. पहिल्याला आपण प्रतिनिधित्व म्हणतो, दुसऱ्याला चित्रण. एकाचे चित्रण झाले म्हणजे त्याला प्रतिनिधित्व मिळाले असे मराठी भाषकाला सहजासहजी वाटत नाही. निदान भाषा तरी तसे वाटू देत नाही. हा भेद हाताशी ठेवला तर रहस्यप्रधान गुन्हेपटासारख्या लोकप्रिय रूपबंधाकडे नव्याने पाहता येते. कारण या रूपबंधात एक तिसराही प्रश्न अंतर्भूत असतो : घडलेले सत्य जाणून घेण्याचा अधिकार कोणाचा, आणि जाणलेले सत्य कोणासमोर मांडता येते?

स्टीफन फ्रिअर्स दिग्दर्शित, स्टीव्हन नाइटलिखित ‘डर्टी प्रिटी थिंग्ज’ (२००२) हा लंडनमध्ये घडणारा गुन्हेपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. नाइट यांच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. नायजेरियन, तुर्की, चिनी, रशियन, स्पॅनिश, सोमाली अशी नाना देशींची माणसे यात आहेत, आणि बहुविधतेचा नमुना म्हणून या चित्रपटाची वाखाणणीही झाली आहे. तथापि, त्याचे खरे महत्त्व या यादीत नाही. गुन्ह्याचा शोध घेण्याचे जे स्थान या प्रकारात परंपरेने कायद्याच्या बाजूच्या माणसाकडे असते, ते येथे कायद्यापासून लपून राहणाऱ्या माणसाकडे दिले आहे, आणि त्या एका बदलाने या प्रकाराचे सर्व संकेत हलविले आहेत. चित्रपटाचे सामर्थ्य या बदलातून येते आणि त्याच्या मर्यादाही त्यातूनच स्पष्ट होतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

कथानकाचा आराखडा थोडक्यात असा. ओक्वे हा मूळचा लागोसचा डॉक्टर. तेथील सत्तेच्या एका गुन्ह्यात सहभागी होण्यास नकार दिल्यामुळे परागंदा झालेला आणि पत्नीच्या हत्येचा आळ माथ्यावर असलेला. लंडनमध्ये तो कागदपत्रांविना राहतो; दिवसा भाड्याची मोटार चालवितो आणि रात्री ‘बाल्टिक’ नावाच्या हॉटेलात स्वागतकक्ष सांभाळतो. झोप येऊ नये म्हणून तो उत्तेजक पाला चघळतो. त्याच हॉटेलात खोल्या साफ करणारी शेनाय ही तुर्की तरुणी आश्रयार्थी आहे. तिच्या खोलीतील कोचावर ओक्वे तिच्या गैरहजेरीत काही तास झोपतो. एका रात्री ज्युलिएट ही वेश्या जाता जाता त्याला एका खोलीत डोकावून पाहण्यास सुचविते. तेथील शौचकूप तुंबलेला असतो आणि तो मोकळा करताना ओक्वेच्या हाती मानवी हृदय लागते. पुढे उलगडा होतो तो असा की, हॉटेलचा व्यवस्थापक सेन्योर हुआन स्थलांतरितांची मूत्रपिंडे काढून विकतो आणि मोबदल्यात त्यांना बनावट पारपत्रे देतो.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी रहस्यकथेच्या प्रकारांसंबंधीच्या १९६६ च्या निबंधात दाखवून दिले आहे की, अभिजात रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली असते, दुसरी शोधाची, जी वाचकासमोर घडते. दुसरीचे प्रयोजन पहिलीची पुनर्रचना करणे एवढेच. अशा कथेतील शोधकाला एक प्रकारचे अभय असते. त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. थरारकथेत मात्र दोन्ही कथा एकमेकींत मिसळतात आणि शोधकाचे अभय संपते. तो स्वतःच संकटात सापडू शकतो. तोदोरोव्ह यांचे हे विवेचन रचनेपुरते आहे. त्यांच्या अभयाच्या संकल्पनेला सामाजिक अर्थ जोडला तर ‘डर्टी प्रिटी थिंग्ज’चे वेगळेपण ध्यानात येते. थरारकथेतील नायकाचे प्राण धोक्यात असले तरी त्याचे नागरिकत्व सहसा धोक्यात नसते. मारेकऱ्यांपासून पळून तो अखेर पोलीस ठाण्यात, वृत्तपत्राच्या कचेरीत किंवा न्यायालयात पोहोचतो. जगाने ऐकून घ्यावे एवढी त्याची पत गृहीत धरलेली असते. ओक्वेला हे दुसरे, अधिक मूलभूत अभयच नाही.

हृदय सापडल्यानंतरचा प्रसंग या संदर्भात कळीचा आहे. ओक्वे हुआनला घडले ते सांगतो. हुआन त्याला अडवीत नाही, धमकावीतही नाही. तो पोलिसांना दूरध्वनी लावून ध्वनिग्राहक ओक्वेच्या हाती देतो. आता बोलावयाचे ते ओक्वेने. आणि त्याला बोलता येत नाही. गुन्हेपटात साक्षीदाराचे तोंड बंद करण्यासाठी खलनायकाला एरवी हिंसा करावी लागते. येथे त्याची गरज उरत नाही. राज्यसंस्थेने ते काम आधीच करून ठेवले आहे. पोलिसांना नाव सांगणे म्हणजे स्वतःचे अवैध अस्तित्व उघड करणे होय, हे दोघांनाही ठाऊक आहे. एकाच दूरध्वनीने एकाला न्याय मिळू शकतो आणि दुसऱ्याची हद्दपारी होऊ शकते, हे वास्तव कोणत्याही भाष्याविना येथे दृश्यरूप होते.

ओक्वे डॉक्टर आहे या तपशिलाचेही मोल येथे कळते. हृदय पाहताच ते माणसाचे आहे हे त्याला समजते. इतर कोणाला समजले नसते. शोधकाला लागणारे विशेष ज्ञान त्याच्यापाशी आहे आणि ते ज्ञान वापरण्याचा परवाना मात्र त्याच्यापाशी नाही. भाड्याच्या मोटारींच्या धंद्यातील त्याचा मालक आणि सहकारी आपल्या गुप्तरोगांवर त्याच्याकडून चोरून औषध घेतात. म्हणजे त्याचे ज्ञान उपयोगात आणले जाते, पण मान्य केले जात नाही. ज्ञान आणि साक्ष यांच्यातील ही फारकत हेच या चित्रपटाचे मध्यवर्ती आशयसूत्र होय. ओक्वेला सर्व काही कळते. फक्त ते कोणापुढे सिद्ध करता येत नाही.

३

ही फारकत ज्या अवकाशात घडते तो अवकाश हॉटेलचा आहे, आणि ही निवड अर्थपूर्ण आहे. हॉटेल म्हणजे रात्री घडलेल्याच्या खुणा सकाळपर्यंत पुसून टाकणारी व्यवस्था. अनोळखी माणसे रात्री येथे घाणेरड्या गोष्टी करतात आणि सकाळी सारे पुन्हा सुंदर दिसेल असे करणे आपले काम, अशा आशयाचे स्पष्टीकरण हुआन देतो. चित्रपटाच्या शीर्षकाचा अर्थ त्यात आहे. गुन्ह्याच्या कथेत खुणा वाचावयाच्या असतात. येथे खुणा वाचणारी आणि खुणा पुसणारी माणसे एकच आहेत, कारण पुसण्याच्या कामावरच त्यांचे पोट आहे. शोधकथेचा मूळ व्यापार आणि स्थलांतरिताचे श्रम यांच्यातील हा विरोध पटकथेने अचूक पकडला आहे.

या चित्रपटातील बहुविधता श्रमविभागणीच्या रूपाने येते. दारावर रशियन इव्हान, खोल्यांत तुर्की शेनाय, स्वागतकक्षात नायजेरियन ओक्वे, रुग्णालयाच्या शवागारात चिनी ग्वो यी. राष्ट्रीयत्वे शेजारी शेजारी उभी आहेत, पण ती उत्सवी मेळ्यासारखी नव्हेत. प्रत्येकाच्या हाती शहराचे एकेक नकोसे काम आहे. लंडनच्या ओळखीच्या वास्तू येथे जवळजवळ दिसत नाहीत. दिसतात ते मागले दरवाजे, मालाच्या वाटा, तळघरे आणि शिवणकामाचे कोंदट कारखाने. पर्यटकाचे लंडन बाजूला सारून छायालेखक ख्रिस मेंगेस यांनी कामगाराचे लंडन उभे केले आहे.

भाषेचेही तसेच. प्रमुख पात्रांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, तरी त्यांचा परस्परव्यवहार इंग्रजीतच होतो. त्यांच्या इंग्रजीचे उच्चार वेगवेगळे आहेत, आणि या तफावतीचा विनोदासाठी वापर फारसा होत नाही. इंग्रजी येथे यजमानांची भाषा कमी आणि परक्यांनी आपापसांत वापरावयाची कामचलाऊ भाषा अधिक आहे.

फ्रिअर्स यांच्या पूर्वीच्या कामाशी तुलना केल्यास हा बदल अधिक स्पष्ट होतो. हनीफ कुरैशी यांच्या पटकथेवरील ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ (१९८५) मध्ये दक्षिण लंडनमधील पाकिस्तानी कुटुंब होते. त्यात लोभी व्यापारी होते, भ्रमनिरास झालेला समाजवादी पिता होता, गोऱ्या तरुणावर प्रेम करणारा ओमर होता. स्टुअर्ट हॉल यांनी १९८८ च्या ‘न्यू एथ्निसिटीज’ या निबंधात या चित्रपटाची दखल घेतली ती यासाठी की, कृष्णवर्णीय किंवा आशियाई अनुभव एकसंध आणि सदैव गौरवास्पद असल्याचे दाखविण्यास त्याने नकार दिला होता. म्हणजे १९८५ मध्ये फ्रिअर्स यांच्या स्थलांतरित पात्रांना दोष बाळगण्याची मुभा होती. त्या पात्रांपाशी नागरिकत्व होते, दुकान होते, नातेवाईक होते. २००२ मधील पात्रांपाशी यांपैकी काहीच नाही. सतरा वर्षांच्या अंतराने लंडनमधील परकेपणाचे केंद्रच वंशाकडून कागदपत्रांकडे सरकले आहे, याची नोंद हा चित्रपट घेतो. आश्रयार्थींना सहा महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर कामाची परवानगी मागता येत असे, ती सवलतही ब्रिटिश शासनाने जुलै २००२ मध्ये, चित्रपट प्रथम प्रदर्शित होण्याच्या सुमारास, काढून घेतली होती. काम करताना सापडण्याचे शेनायचे भय हे त्यामुळे निव्वळ कथानकाची सोय ठरत नाही.

४

या चित्रपटातील गुन्हा कोणता, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे आहे : अवयवांचा चोरटा व्यापार. पण हा गुन्हा लेखकाच्या कल्पनेची निर्मिती नाही. तुर्कस्तानातील गरीब माणसांची मूत्रपिंडे विकत घेऊन लंडनमधील खाजगी रुग्णालयात त्यांचे रोपण झाल्याचे १९८९ मध्ये उघडकीस आले आणि त्यातून निर्माण झालेल्या प्रक्षोभामुळे ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी मानवी अवयवांच्या विक्रीला बंदी करणारा कायदा केला. मूत्रपिंड विकावयास तयार झालेली नायिका तुर्की असावी, या निवडीला त्यामुळे एक ऐतिहासिक छटा प्राप्त होते. मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो.

मराठी वाचकाला हा इतिहास अगदीच दूरचा वाटण्याचे कारण नाही. मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीची बाजारपेठ १९८० च्या दशकात भारतात फोफावली होती. मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम १९९४ मध्ये संसदेने संमत केला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांच्या आधारे, आणि प्रथम तो लागू झाला तोही प्रामुख्याने या राज्यांत. मंजुळा पद्मनाभन यांनी याच विषयावर ‘हार्वेस्ट’ हे इंग्रजी नाटक लिहिले. त्याला १९९७ मध्ये ओनासिस पारितोषिक मिळाले. भविष्यकाळातील मुंबईच्या एका खोलीत राहणारे कुटुंब आपल्या कर्त्या पुरुषाचे शरीर परदेशी ग्राहकाला विकते आणि तो ग्राहक पडद्यावरून त्यांच्या घरात सतत डोकावत राहतो, अशी त्याची कल्पना आहे.

दोन्ही कलाकृतींची तुलना उद्बोधक ठरते. ‘हार्वेस्ट’मध्ये ग्राहक आरंभापासून दिसतो; विकणाऱ्यांवर त्याची नजर असते. ‘डर्टी प्रिटी थिंग्ज’मध्ये ग्राहक जवळजवळ अखेरपर्यंत अदृश्य आहे. गुन्ह्याचे सूत्र हुआनपाशी येऊन थांबते, आणि हुआन स्वतः स्पॅनिश आहे. येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. परक्यांना लुबाडणारा खलनायकही परकाच दाखविल्याने यजमान समाजाची सुटका होत नाही काय? इंग्रज माणसे या चित्रपटात मोजकीच आहेत; अन्याय परक्यांनी परक्यांवर केलेला दिसतो आणि प्रेक्षक दूर बसून हळहळू शकतो.

या आक्षेपाचे उत्तर चित्रपटाने शेवटच्या भागातील एका छोट्या प्रसंगात दिले आहे. ओक्वे आणि शेनाय हुआनला गुंगीचे औषध देतात. ओक्वे त्याचेच मूत्रपिंड काढतो आणि शेनाय व ज्युलिएट त्याला साहाय्य करतात. वाहनतळावर अवयव नेण्यास आलेला मध्यस्थ गोरा इंग्रज आहे. या लोकांना आपण पूर्वी कसे पाहिले नाही, असे त्याला वाटते. ओक्वेचे उत्तर या आशयाचे आहे की, तुमच्या मोटारी आम्ही चालवितो, खोल्या आम्ही झाडतो, तुमच्या शरीरसुखाची सोयही आम्हीच करतो, आणि तरी आम्ही तुम्हाला दिसत नाही. हा संवाद बराच उद्धृत झाला आहे आणि प्रचारकी असल्याची टीकाही त्यावर झाली आहे. परंतु तो कोणाला उद्देशून आहे हे पाहिले पाहिजे. वाहनतळावर उभा असलेला इंग्रज हा त्या साखळीतील ग्राहकाचा प्रतिनिधी आहे. चित्रपटभर जो नागरिक गैरहजर होता तो येथे प्रथमच समोर येतो, आणि त्याच्या गैरहजेरीचा अर्थही तेथेच उलगडतो. तो गुन्ह्याच्या जागी नव्हता, कारण फळ हाती पडण्यासाठी त्याला तेथे असण्याची गरजच नव्हती. ओक्वेला पोलिसांसमोर जे बोलता आले नव्हते ते तो येथे बोलतो. एवढेच की ही साक्ष न्यायासनापुढे दिलेली नाही. ती खरेदीदाराच्या माणसाला ऐकविलेली आहे.

५

असे असले तरी या चित्रपटाने प्रतिनिधित्वाचा प्रश्न सोडविला असे म्हणणे धाडसाचे होईल. शोधकाचे स्थान स्थलांतरिताला देताना चित्रपटाने त्याच्यावर एक अट लादली आहे : तो निष्कलंक असला पाहिजे. ओक्वे विद्वान आहे, संयमी आहे, पत्नीशी एकनिष्ठ आहे, कन्यावत्सल आहे. शेनायच्या खोलीत राहूनही तो तिच्याशी मर्यादेने वागतो. त्याच्या अवैध वास्तव्यामागेही राजकीय सत्प्रवृत्तीच आहे. यजमान समाजाची सहानुभूती मिळविण्यासाठी परक्याने यजमानांहून अधिक सज्जन असावे, हा अलिखित नियम चित्रपट मोडीत नाही. केवळ पोटासाठी आलेला, थोडेफार खोटे बोलणारा, कधी भित्रा तर कधी स्वार्थी असा साधा माणूस या जागी असता, तर प्रेक्षकाने त्याला शोधक म्हणून स्वीकारले असते काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

दलित साहित्याच्या चर्चेतून गेलेल्या मराठी समीक्षेला ही अट ओळखीची आहे. पीडिताचे सोज्ज्वळ चित्र रंगविणारी सहानुभूती आणि पीडिताला त्याच्या सर्व रागालोभांसह उभी करणारी स्वानुभूती यांतील अंतर तिने पूर्वीच अधोरेखित केले आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतील नायक नोकरीच्या गावी राहावयास जागा मिळावी म्हणून आपली जात लपवितो. आपल्या खऱ्या नावाने जगता न येणे ही ओक्वे आणि शेनाय यांचीही अवस्था आहे. बनावट पारपत्र ही एक प्रकारे चोरलेली ओळखच होय. पण बागुलांच्या कथेत ओळख लपविणाऱ्याच्या मनातील भय, अभिमान आणि चीड यांचा कल्लोळ आतून कळतो. ओक्वेचे अंतरंग मात्र बहुशः बंद राहते. त्याची प्रतिष्ठा राखली जाते ती त्याच्या मौनाच्या बळावर. चुइटेल इजिओफॉर या, लंडनमध्ये नायजेरियन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या नटाने त्या मौनाला विलक्षण वजन दिले आहे हे खरे. पण नटाने भरून काढलेली उणीव ही पटकथेची उणीव राहतेच.

स्त्री-पात्रांच्या बाबतीत ही मर्यादा अधिक ठळक आहे. ज्युलिएट ही सोफी ओकोनेडोंच्या अभिनयामुळे जिवंत झालेली असली तरी, उदार अंतःकरणाची वेश्या या जुन्या साच्यातून ती पूर्णपणे बाहेर येत नाही. शेनायच्या वाट्याला दोन वेळा लैंगिक शोषण येते : प्रथम शिवणकामाच्या कारखान्याच्या मालकाकडून, नंतर पारपत्राच्या सौद्यात हुआनकडून. पहिल्या वेळी ती मालकाला चावून प्रतिकार करते. दुसऱ्या वेळी तिचे कौमार्य हीच सौद्याची किंमत ठरते. तुर्की मुसलमान स्त्रीचे पावित्र्य आणि त्याचा भंग या कल्पनेभोवती प्रसंगाची रचना करताना चित्रपट युरोपीय प्रेक्षकाच्या ठरीव अपेक्षांना शरण जातो. ही भूमिका ‘आमेली’ (२००१) मुळे जगभर ओळखीचा झालेला चेहरा असलेल्या ओद्रे तोतू या फ्रेंच अभिनेत्रीला देण्यात आली, हेही येथे नोंदविले पाहिजे. केवळ राष्ट्रीयत्व जुळत नाही म्हणून भूमिका अयोग्य ठरत नाही. तसे मानल्यास अभिनयकलेलाच अर्थ राहणार नाही. परंतु ज्या चित्रपटाचा विषयच न दिसणारी माणसे हा आहे, त्यात न दिसणाऱ्या स्त्रीच्या जागी सर्वांना आधीच दिसलेला चेहरा यावा, यातील विसंगती दुर्लक्षिता येत नाही.

सर्वांत खोल मर्यादा मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. मूत्रपिंड विकून जखम चिघळलेल्या सोमाली माणसाकडे ओक्वे जातो, तेव्हा त्या घरातील लहान मुलगी दुभाषी होते. तो माणूस स्वतःच्या भाषेत बोलतो, मूल ते इंग्रजीत सांगते, ओक्वे ते समजून घेतो आणि प्रेक्षकाला त्याचा अर्थ लागतो. ज्याच्या शरीरावर गुन्हा घडला त्याचा आवाज असा तीन ठिकाणी गाळून आपल्यापर्यंत येतो. दुसऱ्याच्या वतीने बोलण्यातील जी अडचण स्पिवाक यांनी तात्त्विक पातळीवर मांडली, तिचे हे जणू प्रात्यक्षिकच होय. ओक्वेला शोधकाचे स्थान मिळाले याचा एक अर्थ असा की, स्थलांतरितांमध्येही जाणणारा आणि जाणला जाणारा अशी नवी उतरंड तयार झाली.

आणि ते हृदय? ज्या अवयवाने कथेला आरंभ झाला तो कोणाचा होता, हे चित्रपट अखेरपर्यंत सांगत नाही. शस्त्रक्रिया फसली आणि कोणी तरी मेले, एवढेच आपण समजू शकतो. अभिजात रहस्यकथेत मृताला नाव असते. त्याच्या नावापासूनच शोध सुरू होतो. येथे शोधाअंती गुन्ह्याची पद्धत कळते, गुन्हेगार कळतो, कारणे कळतात. मृत मात्र अनामच राहतो. तोदोरोव्ह यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिल्या कथेची पुनर्रचना येथे पूर्णच होत नाही. त्या माणसाची नोंद कोठेही नव्हती, त्यामुळे त्याच्या नाहीसे होण्याचीही नोंद होऊ शकत नाही. या रिकाम्या जागेचे श्रेय पटकथेच्या जाणीवपूर्वक योजनेला द्यावे की तिच्या विसराळूपणाला, याविषयी मतभेद होऊ शकतील. संहितेचा अर्थ मात्र त्यावर अवलंबून नाही. प्रतिनिधित्वाची सीमारेषा कोठे आहे हे ती जागाच दाखविते.

६

शेवटाकडे पाहता चित्रपटाची द्विधा स्थिती पुन्हा जाणवते. गुन्हेपटाच्या संकेतानुसार अखेरीस व्यवस्था पूर्ववत व्हावयास हवी : गुन्हेगार पकडला जावा, सत्य जाहीर व्हावे. येथे हुआनला शिक्षा होते ती त्याच्याच व्यापाराच्या नियमाने. त्याचे मूत्रपिंड विकले जाते आणि त्या बदल्यात पारपत्रे पदरात पडतात. न्यायालय नाही, वृत्तपत्र नाही, कबुलीजबाब नाही. न्यायाच्या जागी अदलाबदल आली आहे. प्रेक्षकाला या काव्यात्म न्यायाचे समाधान वाटते, पण ओक्वेने ज्या कृत्याला सतत नकार दिला होता तेच कृत्य त्याला करावे लागले, ही त्यामागची किंमत त्या समाधानात झाकली जाते. त्याच्या निष्कलंकतेला लागलेला हा एकमेव डाग खरे तर त्याच्यातील माणूस दाखवू शकला असता. पटकथा त्या डागापाशी रेंगाळत नाही.

यानंतर विमानतळ. शेनाय न्यूयॉर्कला निघते, ओक्वे लागोसला आपल्या मुलीकडे. परस्परांवरील प्रेमाचा उच्चार ते दुरून करतात. ओठ हलतात, पण शब्द एकमेकांच्या कानी पडत नाहीत. दूरध्वनीवर बोलू न शकलेल्या माणसाची कथा अशा रीतीने न ऐकू येणाऱ्या शब्दांवर संपते. हा शेवट भावविवश करणारा आहे, आणि त्यात एक कटू निष्कर्षही दडलेला आहे. ज्या दोघांभोवती शहराचे खरे रूप उलगडले ते दोघेही शहर सोडून जातात. त्यांच्याजवळचे सत्य त्यांच्याबरोबरच निघून जाते. लंडनमध्ये मागे राहतात ते ग्वो यी, इव्हान, ज्युलिएट, आणि सकाळी पुन्हा नीटनेटके दिसणारे हॉटेल.

समावेशनाच्या निकषांवर हा चित्रपट तपासला तर तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल. त्या तपासणीतून मात्र हे कळणार नाही की त्याने एका बहिष्कृताला जाणण्याचा अधिकार दिला आणि साक्षीचा अधिकार देणे त्याला शक्य झाले नाही. ही अशक्यता प्रामाणिक आहे. ओक्वेची साक्ष ऐकून घेणारे न्यायपीठ २००२ च्या लंडनमध्ये नव्हते, आणि चित्रपटाने ते खोटेपणाने उभे केले नाही. जेथे तो उणा पडतो तेथे, म्हणजे निष्कलंकतेच्या अटीत, शेनायच्या चित्रणात, सोमाली माणसाच्या गाळलेल्या आवाजात, त्याची उणीव ही पाहणाऱ्या समाजाच्या ऐकण्याच्या तयारीची उणीव आहे. पात्रांची यादी वाढवून ती भरून निघणार नाही. गुन्हेपटातील प्रतिनिधित्वाची चिकित्सा करणाऱ्याने म्हणूनच पडद्यावर कोण कोण आहे हे विचारून झाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारावयास हवेत : सत्य कोणाला कळते, ते कोणाला सांगता येते, आणि मेलेल्याला नाव आहे काय?